पहिला ठोसा बसण्याआधीची नोंद

बॉक्सिंगच्या स्पर्धेची सकाळ वजनकाट्यापासून सुरू होते. मुलं अंगावरचे कपडे उतरवून, श्वास रोखून काट्यावर उभी राहतात आणि शंभर ग्रॅम जास्त भरले तरी बाद होतात. २०२४ मध्ये पॅरिसला कुस्तीत विनेश फोगाटच्या बाबतीत काय झालं ते साऱ्या देशाने पाहिलं आहे. वजनानंतर वैद्यकीय तपासणी. नाडी, रक्तदाब, छाती. मग बोटांची पेरं आणि मनगट दाबून बघायचं, नाकाचं हाड बघायचं, डोळ्यांत टॉर्च मारायचा. शेवटी विचारायचं, "डोकं दुखतंय का? चक्कर वगैरे?" मुलगा म्हणतो, "नाही सर." रेकॉर्ड बुकावर शिक्का, सही, पुढचा मुलगा.

जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धांना मी रिंगशेजारी डॉक्टर म्हणून बसतो. समोर आलेल्या मुलाचं वजन मला ग्रॅममध्ये ठाऊक असतं. पण ज्या अवयवावर पुढच्या काही मिनिटांत मारा होणार आहे, त्याच्याबद्दल माझ्या हातात कागदाचा कपटाही नसतो. हा मुलगा धडधाकट असताना ऐकलेल्या दहा शब्दांपैकी किती परत सांगतो, डोळे मिटून एका पायावर किती स्थिर राहतो, हे कुणी कधी बघितलेलंच नसतं. बाउट (लढत) संपल्यावर तो माझ्यासमोर येतो आणि उत्तर द्यायला जरा वेळ लावतो. आता तो मुळातच सावकाश बोलणारा आहे, की कानशिलावर हुक बसल्यामुळे सावकाश झाला आहे? ताडून बघायला काही नाही.

ही ताडून बघायची नोंद म्हणजे बेसलाइन चाचणी. खेळाडू निरोगी असताना त्याचं स्मरण, एकाग्रता आणि तोल मोजून ठेवायचा, आणि डोक्याला मार लागल्यावर त्याच चाचण्या पुन्हा घेऊन दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. जागतिक रग्बीत वरच्या पातळीवर ती सक्तीची आहे. माझं म्हणणं असं की महाराष्ट्रात बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, एमएमए, तायक्वांदो, वुशू, ज्युदो किंवा मॅटवरची कुस्ती खेळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची ही चाचणी व्हायला हवी, दरवर्षी व्हायला हवी, आणि पहिली चाचणी पहिल्या स्पर्धेच्या नव्हे, पहिल्या स्पारिंगच्या, म्हणजे क्लबमधल्या सरावाच्या लढतीच्या, आधी व्हायला हवी. यातल्या शेवटच्या अटीवर मी सगळ्यात जास्त अडून आहे.

आधी मेंदूचं बघू. मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. हनुवटीवर आडवा ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं, मेंदू त्याच्यामागून फिरतो आणि आतले मज्जातंतू ताणले जातात. पेशींमधल्या क्षारांचा तोल बिघडतो, तो सावरायला मेंदूला एकदम जास्त साखर लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी झालेला असतो. म्हणून पहिले काही दिवस मेंदू दुसरा मार सोसण्याच्या अवस्थेत नसतो. हे सगळं सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची चीर शोधायला असतो. तो नॉर्मल आला म्हणजे रक्तस्राव नाही, एवढंच सिद्ध झालं. आईवडील मात्र "स्कॅन क्लिअर आहे" एवढं ऐकून सुटकेचा निःश्वास टाकतात आणि चौथ्या दिवशी मुलगा पुन्हा सरावाच्या पॅडवर ठोसे मारताना दिसतो. दुसरा गैरसमज शुद्धीचा. कन्कशन, म्हणजे मेंदूला असा हादरा बसून त्याचं काम बिघडणं, झालेल्या दहांपैकी साधारण नऊ जणांची शुद्ध हरपतच नाही. ते उभे असतात, बोलत असतात, पुढची फेरी खेळतातही.

मग कळायचं कशावरून? मेंदू काम कसं करतो आहे यावरूनच. त्यासाठी आज जगभर जी कागदी चाचणी वापरली जाते तिचं नाव स्कॅट-सिक्स. २०२२ मध्ये आम्सटरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून ती पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाली. तिला यंत्र लागत नाही, फुकट मिळते, आणि शांत खोलीत दहा-पंधरा मिनिटांत होते.

एका सराव शिबिरात घेतलेली चाचणी सांगतो, म्हणजे नेमकं काय होतं ते कळेल. मुलगा चौदा वर्षांचा, मराठी शाळेतला, चपळ. सेकंदाला एक याप्रमाणे दहा शब्द मी वाचून दाखवले. त्याने पहिल्या खेपेला पाच सांगितले, दुसऱ्या खेपेला सहा, तिसऱ्याला सात. मग आकडे उलटे म्हणायला लावले: मी "चार, नऊ, तीन" म्हटलं की त्याने "तीन, नऊ, चार" म्हणायचं. पाच आकड्यांवर तो अडकला. मग महिने उलटे. "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर... जुलै," ऑगस्ट गाळून पुढे गेला. पुन्हा सुरू करायला सांगितलं, पुन्हा ऑगस्ट गेला. त्यानंतर बूट काढून, हात कमरेवर ठेवून, डोळे मिटून वीस-वीस सेकंद उभं राहायचं: आधी दोन्ही पाय जोडून, मग एका पायावर, मग एका पावलामागे दुसरं पाऊल ठेवून. हात सुटला, डोळा उघडला, पाय टेकला की एकेक चूक. पोरगं खांबासारखं उभं राहिलं, तिन्ही वेळा एकही चूक नाही. रोजच्या फुटवर्कचा तो परिणाम. त्याच्यानंतर आलेल्या मुलीने महिने एका दमात उलटे म्हणून दाखवले, पण एका पायावर तिची सतत चुळबुळ.

दोघंही ठणठणीत. आता समजा त्या मुलाला बाउटमध्ये मार बसला आणि अनोळखी डॉक्टरने पहिल्यांदाच त्याची चाचणी घेतली. महिने चुकले म्हणून डॉक्टर धास्तावेल, आणि ते त्याचं नेहमीचंच आहे. उलट एका पायावर तो दोन-तीनदा डगमगला, तर डॉक्टर म्हणेल की एवढं सर्वसामान्य आहे, आणि त्या मुलासाठी तेवढं डगमगणं हीच धोक्याची खूण असेल. मार कुठे लागला आहे हे सांगणारा पुरावा चुकीच्या बाजूला शोधला जाईल.

इथे तज्ज्ञांचा एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. आम्सटरडॅमची तज्ज्ञ-सहमती बेसलाइन उपयुक्त मानते, पण ती नसेल तर निदान होणारच नाही असं म्हणत नाही. वयोगटाच्या सरासरीशी तुलना करता येते. हे मला मान्य आहे, जिथे तशी सरासरी उपलब्ध आहे तिथे. पण हे आकडे मुख्यतः अमेरिका, कॅनडा, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या, तिथल्या भाषेत शिकलेल्या खेळाडूंचे आहेत. नंदुरबारच्या आश्रमशाळेतल्या किंवा इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराच्या घरात वाढलेल्या मुलाने मराठीत दहापैकी किती शब्द सांगायला हवेत, हे त्या तक्त्यात शोधायचं कसं? शाळा अर्धवट सुटलेली, घरी बोलायची भाषा वेगळी, परीक्षेला बसल्यासारखी चाचणी कधी दिलेली नाही. या सगळ्याचा आकड्यांवर परिणाम होतो आणि त्यातल्या कशाचाही मेंदूच्या दुखापतीशी संबंध नसतो. सरासरी हाताशी नाही, म्हणून प्रत्येकाची स्वतःची नोंद आपल्याला जास्त गरजेची आहे. श्रीमंत देशांत ही चाचणी सोय असेल, आपल्याकडे तुलनेचा दुसरा मार्गच नाही.

लढतीच्या खेळांत आणखी एक गोष्ट आहे जी बाकीच्या खेळांत इतकी तीव्र नसते: खेळाडू दुखणं लपवतो आणि त्याला लपवायला भाग पाडणारी सगळी रचना आपण उभी केलेली आहे. क्रिकेटमध्ये ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. पुढच्या वर्षी कॅनबेऱ्यात रवींद्र जडेजाच्या जागी युजवेंद्र चहल आला आणि तीन बळी घेऊन गेला, सामनाही आपण जिंकला. तिथे "मला गरगरतंय" असं सांगणाऱ्याचं आणि संघाचं काही जात नाही. रिंगमध्ये असं सांगणं म्हणजे बाउट हरणं. आणि आपल्याकडे हरणं म्हणजे नुसतं पदक जाणं नसतं. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे वाढीव गुण असतात, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण असतं. पोलीस भरतीकडे डोळे लावून बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला, ज्याच्या घरात पहिली पगाराची नोकरी त्याचीच असणार आहे, मी विचारतो: डोकं दुखतंय का? तो काय सांगणार? तो खोटं बोलतो यात मला त्याचा दोष दिसत नाही. त्याच्या उत्तरावर निर्णय सोपवणाऱ्या पद्धतीत दिसतो. म्हणूनच त्याने काय सांगितलं यापेक्षा त्याने काय करून दाखवलं, हे मोजणारं काहीतरी हवं.

प्रशिक्षक म्हणतात, "डॉक्टर, पोरगं आठ वर्षं माझ्या हाताखाली आहे, त्याचे डोळे बघून मला कळतं." हे बऱ्याचदा खरं असतं. हालचालीतला फरक सगळ्यात आधी सरांनाच दिसतो, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि त्यांच्या नजरेचा मला आदर आहे. पण राष्ट्रीय स्पर्धेला हे सर कोपऱ्यात नसतात. तिथे राज्य संघाचा प्रशिक्षक असतो, ज्याची आणि मुलाची ओळख शिबिरातल्या थोड्या दिवसांची. आठ वर्षांची नजर गावी राहते आणि मुलगा रेल्वेने दुसऱ्या राज्यात जातो. ती नजर आकड्यांत उतरवली तरच ती त्याच्याबरोबर जाईल.

आता स्पारिंगचा मुद्दा, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप. स्पर्धेत नॉकआउट झाला किंवा डोक्यावरच्या माऱ्यामुळे पंचाने बाउट थांबवली, की नियम लागू होतात. किमान तीस दिवस बाउट नाही आणि स्पारिंगही नाही. शुद्ध हरपली असेल किंवा थोड्या काळात पुन्हा तसंच झालं तर मुदत वाढते. रेकॉर्ड बुकात नोंद होते. व्यवस्था चांगली आहे, आणि जिथे पाळली जाते तिथे तिने मुलं वाचवली आहेत. पण मुलगा वर्षात स्पर्धेच्या बाउट खेळतो मोजक्या आणि स्पारिंग करतो आठवड्यातून दोन-तीनदा. क्लबमध्ये मुलं कमी असली की ४८ किलोच्या पोरासमोर ५७ किलोचा उभा राहतो, कारण तेवढाच आहे. तिथे डॉक्टर नसतो, पंच नसतो, आणि तिथल्या नॉकडाऊनची नोंद कुठल्याच बुकात होत नाही. "बस जरा, पाणी पी, चल उठ" एवढ्यावर ते संपतं.

हे नव्याने कळलेलं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतले पॅथॉलॉजिस्ट हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकारावर पहिला निबंध लिहिला. लडखडणारी चाल, जडावलेली जीभ, मंदावलेलं मन. हे कुणाला होतं, हे सांगताना त्यांनी सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या दुय्यम दर्जाच्या योद्ध्यांचा वेगळा उल्लेख केला आहे, जे दिवसातून अनेकदा खाली पडतात. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी वैद्यकाने बोट स्पारिंगकडे दाखवलं होतं. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी पंधरा माजी बॉक्सरांचे मेंदू तपासून आतली झीज दाखवून दिली. लास वेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या केंद्रात २०११ पासून व्यावसायिक लढवय्यांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. मार जितका जास्त साचलेला, तितका मेंदूतल्या थॅलॅमससारख्या भागांचा आकार कमी, असं त्यात दिसलं. नॉकआउट लोकांच्या लक्षात राहतो. मेंदूच्या हिशेबात मात्र रोजचे ठोसेही धरलेले असतात.

याचा बेसलाइनशी थेट संबंध आहे. मुलगा अकराव्या वर्षी क्लबमध्ये येतो, बाराव्या वर्षी स्पारिंग सुरू करतो आणि एकोणिसाव्या वर्षी राष्ट्रीय शिबिरात पोहोचतो. तिथे कुणी त्याची पहिली बेसलाइन घेतली, तर ती कशाची बेसलाइन? सात वर्षं ठोसे खाल्लेल्या मेंदूची. पुढे मार बसला की त्या आकड्यांशी तुलना होईल, दोन्ही जुळतील, आणि आपण म्हणू की मुलगा बरा झाला, "पूर्वीसारखा" झाला. पूर्वीसारखा म्हणजे कधीसारखा? ज्या मापाने मोजायचं त्याचीच झीज झालेली असेल तर बेसलाइन असून नसल्यासारखी आहे. मी तर म्हणेन की नसलेली बरी, कारण अशी नोंद खोटा दिलासा देते.

पहिली चाचणी लवकर घेण्याने दुसरी एक अडचणही सुटते. परदेशातल्या मोठ्या खेळाडूंमध्ये बेसलाइन मुद्दाम खराब देण्याची चलाखी माहीत आहे: निरोगी असताना कमी गुण मिळवायचे, म्हणजे मार लागल्यावरचा फरक दिसणार नाही आणि खेळू देतील. अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात हे येत नाही. त्याला जास्त शब्द सांगून दाखवायचे असतात. पुढे तो मोठा होईल, शहाणा होईल, कदाचित चलाखी करेलही. पण चार वर्षं चढत आलेले आकडे पाचव्या वर्षी अचानक कोसळले तर ते लपत नाही. वाढत्या वयात स्मरण आणि एकाग्रता सुधारत जाते, त्यामुळे अकराव्या वर्षीची नोंद पंधराव्या वर्षी उपयोगाची नाही. दरवर्षी घ्यायची, दर खेपेला शब्दांची यादी बदलायची. आणि स्पर्धेच्या वजनाच्या दिवशी तर चुकूनही घ्यायची नाही. दोन दिवस पाणी तोडून, जाड जर्किन घालून पळून वजन उतरवलेल्या मुलाचा मेंदू त्या सकाळी त्याच्या नेहमीच्या तब्येतीत नसतो.

कुस्तीवाल्यांना हा सगळा बॉक्सिंगचा प्रश्न वाटतो. तालमीत कान मोडलेला असणं ही पैलवानाची ओळख. डोक्याचं कुणी बोलत नाही. पण पट काढायला झेपावलेल्या दोन मल्लांची डोकी एकमेकांवर आदळतात तेव्हा तो आवाज मैदानाच्या कडेपर्यंत येतो. ढाक किंवा कलाजंगसारख्या डावात खालचा मल्ल पाठीवर जाता जाता डोक्यावर आला, तर मेंदूला तोच हादरा बसतो जो ठोशाने बसतो. याचं सगळ्यात कठोर उदाहरण जपानचं आहे. तिथे शाळांमधल्या ज्युदोत तीन दशकांच्या काळात शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाल्याचं नागोया विद्यापीठातले संशोधक र्‍यो उचिदा यांनी कागदपत्रं चाळून उघड केलं. डोक्याच्या दुखापती हे त्यातलं मोठं कारण होतं. बळी गेलेल्यांत नवशिके बरेच होते, ज्यांना पडायचं कसं हे पुरतं शिकवण्याआधी ओसोतो-गारीसारख्या मागे आपटणाऱ्या डावाखाली घातलं गेलं. डोकं थेट आपटलं नाही तरी झटक्याने मेंदूवरच्या शिरा फाटतात. ज्या देशाने ज्युदो जगाला दिला, त्याला आपल्या शिकवण्याच्या पद्धतीकडे पाहायला इतकी वर्षं लागली. आपल्याकडच्या तालमींचा आणि शाळांमधल्या कराटे-तायक्वांदोच्या वर्गांचा असा हिशेब कुणी मांडलेलाच नाही. तायक्वांदोत छातीच्या कवचावर लाथ बसली तर दोन गुण आणि डोक्यावर बसली तर तीन. मुलं साहजिकच डोक्यावर मारायला शिकतात.

गावच्या जत्रेतल्या रेवडीच्या कुस्त्यांना कुणी बेसलाइनचा कागद मागावा असं मी म्हणणार नाही. तिथे माती नीट खणलेली असावी आणि डोकं आपटलेल्या पोराला त्या दिवशी पुन्हा आखाड्यात सोडू नये, एवढं वस्तादांनी पाळलं तरी पुष्कळ झालं.

बेसलाइनने प्राण वाचत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. डोक्यात रक्तस्राव सुरू झाला तर शब्दांच्या याद्या काढून बसायचं नसतं. २१ सप्टेंबर १९९१ ला लंडनमध्ये ख्रिस युबँकविरुद्धच्या लढतीत मायकेल वॉटसन कोसळला. रिंगजवळ त्याचा श्वास सांभाळणारी यंत्रणा नव्हती, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्यात मोलाचा वेळ गेला. तो जगला, पण आयुष्य बदलून. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग नियामक मंडळावर खटला भरला आणि २००० साली अपील न्यायालयाने निकाल दिला की रिंगशेजारी पुरेशी वैद्यकीय व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी मंडळाचीच होती. जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूला किकबॉक्सिंगच्या राज्य स्पर्धेत मार बसून मैसूरच्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या कुटुंबाची तक्रार हीच होती की जागेवर वैद्यकीय सोय नव्हती. म्हणजे रुग्णवाहिका, ऑक्सिजन, आणि मेंदूची शस्त्रक्रिया होऊ शकेल असं रुग्णालय किती अंतरावर आहे याची आधी केलेली चौकशी, हे सगळं आधी. ते नसेल तर स्पर्धाच घेऊ नये. बेसलाइन त्यानंतरच्या प्रश्नासाठी आहे: जो जगला, चालतो-बोलतो आहे, त्याला पुन्हा कधी उतरवायचं?

काही डॉक्टर मित्र म्हणतात की एवढं सगळं करण्यापेक्षा बॉक्सिंगवर बंदीच घाला. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेची ही भूमिका १९८० च्या दशकापासूनची आहे. मला ती पटत नाही. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत किंवा पुण्या-मुंबईच्या वस्त्यांमधल्या क्लबांत घाम गाळणाऱ्या मुलांना या खेळाने जे दिलंय ते मी पाहिलं आहे: शिस्त, मान, नोकरी, आणि मुलींच्या बाबतीत तर घराबाहेर पडण्याचा हक्क. बंदी घातली की खेळ थांबत नाही, डॉक्टर नसलेल्या हॉलमध्ये जातो.

हे घडवायला फार पैसा लागत नाही. जिल्हा संघटना दरवर्षी खेळाडूंची नोंदणी करतात. जन्मदाखला, आधार, फोटो, शुल्क. त्याच अर्जाला बेसलाइनचा कागद जोडायचा आणि तो नसेल तर स्पारिंगची परवानगी नाही, असा नियम करायचा. चाचणी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट घेऊ शकतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न फिजिओथेरपी महाविद्यालयं राज्यभर आहेत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दोन दिवस शिकवून जिल्हा क्रीडा संकुलात बसवलं तर एका जिल्ह्यातली मुलं आठवड्याभरात होतील. शब्दांच्या याद्या मराठीत तयार करून, शहरी-ग्रामीण मुलांवर पडताळून घेण्याचं कामही याच विद्यापीठाने हाती घ्यावं. काही वर्षांत आपली स्वतःची सरासरी तयार होईल. कागदाची एक प्रत आईवडिलांकडे, एक रेकॉर्ड बुकात, एक संघटनेकडे. क्लबच्या कपाटात मूळ प्रत ठेवायची नाही, कारण मुलगा क्लब बदलतो आणि कागद मागे राहतो. आणि या चाचणीत पास-नापास नसतं, हे अर्जावरच मोठ्या अक्षरांत छापायला हवं. कमी शब्द आठवणाऱ्या मुलाला "याला काढा" म्हणणारा कुणीतरी पदाधिकारी निघेल याची मला भीती आहे.

मार लागल्यानंतर चाचणी घेणारा आणि परवानगी देणारा डॉक्टर मात्र क्लबचा, आयोजकाचा किंवा खेळाडूच्या ओळखीचा नसावा. त्याचा निर्णय संघटनेच्या सचिवाला किंवा प्रशिक्षकाला फिरवता येऊ नये. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आहे आणि त्यात खेळाडूंच्या सुरक्षिततेचा विचार आहे. त्याखाली पुढे जे नियम होतील त्यांत लढतीच्या खेळांसाठी हे कलम वेगळं यायला हवं, नाहीतर "वैद्यकीय तपासणी करावी" अशा मोघम वाक्यात ते विरून जाईल.

तरीही मुलं लपवतील, जोवर सांगण्याची किंमत त्यांच्या पदरात पडते आहे. म्हणून एक नियम क्रीडा खात्याने बेसलाइनच्या बरोबरीनेच करावा. डोक्याच्या दुखापतीमुळे डॉक्टरने थांबवलेल्या खेळाडूला तो ज्या फेरीत होता त्या फेरीचं प्रमाणपत्र आणि त्याचे वाढीव गुण मिळावेत. निवड स्पर्धा असेल, तर त्याच्या वजनगटातली राज्य संघाची जागा लगेच भरू नये. विश्रांतीचे दिवस पूर्ण झाले आणि आकडे त्याच्या बेसलाइनवर परत आले, की त्याची आणि गटातल्या विजेत्याची निवड बाउट घ्यावी. राष्ट्रीय स्पर्धेची तारीख तोवर उलटून जाणार असेल, तर पुढच्या वर्षीच्या शिबिरात त्याला थेट प्रवेश द्यावा. हे लेखी असलं, आणि बाउटच्या आधी सरांनी मुलाला वाचून दाखवलेलं असलं, तर मी "डोकं दुखतंय का?" असं विचारल्यावर खरं उत्तर द्यायला त्याला कारण राहील.